आईची मागची सीट

३ मार्च, सोमवार

गाडी परत आली. शी!

राजांनी — म्हणजे आमच्या धाकट्या बंधुराजांनी — दोन दिवसांसाठी नेली होती. मित्राची होडी ट्रेलरवर चढवून डोंगरापलीकडच्या तलावावर पोचवायची म्हणे. माझी गाडी! आजवर किराणा आणि आई, याहून जड काही तिने ओढलेलं नाही. डिकीत चिखल, सीटखाली केळ्याची साल आणि मागून आवाज थेट ट्रॅक्टरचा. "ताई, जराशी घरघरते, बाकी मस्त चालतेय." किल्ली टेबलावर टाकली आणि चहासुद्धा न घेता पळाला. फुकटचा चहा सोडतो म्हणजे काहीतरी मोडलंय, एवढं मला कळतं.

५ मार्च, बुधवार

चढावर गाडी रडते. पाय दाबला की इंजिन नुसतं कोकलतं, वेग वाढायचं नाव नाही. मागे काळा धूर. समोर इंजिनचा पिवळा दिवा लागलाय तो विझतच नाही.

आईला व्यायामाला नेलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यातून तीनदा — सोमवार, बुधवार, शुक्रवार. जायला तास, यायला तास. ती मागे पाय लांब करून बसते, मागच्या काचा बंद. वारं सोसत नाही. आणि गुडघ्याला ते तेल! तो वास नाकात बसतो. मी आपली माझी काच पूर्ण खाली घेते आणि तोंड बाहेर करून चालवते. आई आहे, कळतं मला. पण दिवसभर ड्रायक्लीनिंगच्या दुकानात लोकांचे घामट कोट हाताळायचे आणि वर हे! माणसाने किती वास सहन करायचे?

८ मार्च, शनिवार

कोपऱ्यावरचा मेकॅनिक. नखं काळी, दात काळे, आणि बॉनेटवर कोपर टेकून माझ्याशी बोलतो. "मॅडम, ट्रेलर ओढला ना? मग एवढं होणारच." ऑइल जळून डांबर झालं होतं, ते बदललं. एअर फिल्टर नवा, प्लग साफ. दिवा विझला, गाडी ओढायला लागली. घरघर मात्र जशीच्या तशी. "आवाजाकडे काय लक्ष देता? रेडिओ लावा." चारही काचा खाली करून कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून आला, म्हणाला, ठणठणीत.

सीटवर त्याच्या बोटांचे ठसे. तीनदा पुसले.

१२ मार्च, बुधवार

येताना आईला उलटी झाली. सीटवर, पट्ट्यावर, माझ्या पर्सवर. मी पुसत होते आणि मलाच ओकारी येत होती.

घरी आणून पलंगावर बसवलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही कुणाकडे आलात?"

मला! पोटच्या मुलीला!

१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टर. मोबाइलमधून मान वर न काढता, "वय झालंय. विसरायला लागतात." इतकंच. डोकं दुखतं म्हणून रडते, ते त्याने ऐकलं तरी का?

१६ मार्च, रविवार

राजे आले. येताना वृद्धाश्रमाचं नक्की करूनच आले! एक तारखेपासून खोली. "ताई, तुला दुकान, मला नोकरी. तिथे नर्स असते, चोवीस तास." आई पलीकडे वाटाणे सोलत होती. आज अगदी छान होती, शेजारणीच्या सुनेची नक्कलसुद्धा करून दाखवली. रविवारी ती बरी असतेच. राजे म्हणाले, "असतात एखादे दिवस चांगले. तेवढ्यावर जाऊ नकोस."

मला त्याचा संताप येतो. आणि उद्या पुन्हा सोमवार, मी थकलेय. मी त्याला नाही म्हणाले नाही.

२१ मार्च, शुक्रवार



आज राजांना जबरदस्तीने बरोबर घेतलं — बघ म्हटलं, तुझी आई कशी होते ते. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, आता गुडघा वाकवून पुढे बसवा. म्हणून येताना आई पुढे, राजे चालवायला, मी मागे. राजांची काच खाली, मागच्या बंदच राहिल्या.

अर्ध्या वाटेत माझं डोकं ठणकायला लागलं. मग मळमळ. राजांना थांब म्हणायचं होतं आणि शब्दच सापडेना! आणि पुढे आई खणखणीत आवाजात सांगतेय, "अरे डावीकडे घे. सिग्नल दिसत नाही का?"

मी दार बडवलं. थांबलो. मागे बसेल तिचंच असं होतं, म्हणजे मागूनच काहीतरी आत येतंय! बाहेर पडून डिकी उघडली, आतली चटई फाडल्यासारखी उचलली. तळाला भोक. अंगठा जाईल एवढं, कडेने काजळी.

"राजे, हे काय?"

"ट्रेलरच्या दिव्यांची वायर आत घ्यायला... ड्रिल मारलं होतं. बुजवायचं राहिलं."

बुजवायचं राहिलं!

तसेच हॉस्पिटलात गेलो. आईच्या रक्तात धुराचं विष निघालं, माझ्याही. तिला ऑक्सिजन लावलाय. मूर्ख, बेजबाबदार, आयतोबा! सगळ्या नर्सेससमोर त्याला सांगितलं, माझ्या घराची पायरी पुन्हा चढायची नाही. मान खाली घालून निघून गेला.

२२ मार्च, शनिवार

सायलेन्सरवाला. ओलं फडकं नळीच्या तोंडावर दाबलं, इंजिन चालू. डिकीच्या बरोबर खाली, जोडापाशी भसाभस धूर. ट्रेलरच्या वजनाने गाडी मागे बसली असणार आणि कुठल्यातरी गतिरोधकावर आपटली. तडा तिथे, भोक वर.

मग त्याने विचारलं, "पुढची काच उघडी असायची का? तसं असेल तर आतली हवा पुढून बाहेर जाते आणि धूर मागून आत ओढला जातो."

हो म्हणाले. घरी येऊन हात धुतले. परत धुतले. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

२८ मार्च, शुक्रवार

आई घरी. डोकं लखलखीत. वृद्धाश्रमाची खोली रद्द केली. राजांचे फोन येतात, मी उचलत नाही.

३० मार्च, रविवार

आईच्या गुडघ्याला आज मी तेल लावलं. लावता लावता विचारलं, "तुला मागे धुराचा वास कधीच आला नाही?"

"पहिल्याच दिवशी आला. रुमाल लावून बसायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू त्याला घरात घेतलं नसतंस."