एका टिंबापायी

मंगरूळपीर, रविवार संध्याकाळ

सुनेने मैत्रिणींसाठी केलेला विनोद चुकून घरच्या ग्रुपवर पडला, म्हणून लिहिते आहे. डोळे वटारलेल्या बाईचे चित्र, खाली माझाच मेसेज: "ये. सरगुंडे वाळले आहेत." आणि शेरा: "बूमर सासूचे समन्स". बूमर म्हणजे म्हणे जुन्या पिढीची.

दुपारी ती वाशीमहून धावतच आली.

"काहून वं, मले एवढी भेते तू?"

"आई, तुमी बोलता तं गोड. पण मेसेजमंदी पूर्णविराम देता. आमच्या वयाचे तो रागातच देतात."

म्हणून दोन महिने आली नाही? एका टिंबापायी! कॉलेजात याच टिंबावरून इतरांचे गुण कापले जात, माझे कधी नाही. रागवायचे ठरवले होते, पण हसूच आले.

जाताना दिले: गव्हाच्या पिठाच्या, काडीवर हाताने वळलेल्या सरगुंड्यांचा एक डबा, वर चिठ्ठी, "लवकर ये", टिंब न देता