जमिनीला कंप आहे

६ जानेवारी
नवी डायरी, नवं घर. माणूस तेवढा जुना, पण अस्सल. या वयात इतका ताठ चालणारा दुसरा दाखवा.

आज निवृत्तांच्या वसाहतीत आमच्या अकरा नंबरच्या प्लॉटवर पहिली कुदळ पडली. तिथे राहायला जायची कल्पना बायकोची. मला म्हातारी माणसं आवडत नाहीत, सतत दुखण्यांवर बोलतात. पण तिचं वय होत चाललंय. माझ्याहून लहान आहे खरी, तरी बायका लवकर थकतात. हल्लीच्या घराचे जिने तिला झेपत नाहीत. म्हणून मी तिच्यासाठी हो म्हटलं. तिने माझा चहा पुढे सरकवला. उपकार मानायची तिची हीच पद्धत.

संकल्प: एक, बांधकामावर जातीने देखरेख. नोकरीत आयुष्यभर लोकांची वजनमापं तपासली, लबाड तराजू जप्त केले. बिल्डर किस झाड की पत्ती. दोन, डायरी सुवाच्य अक्षरात. तीन, कोणालाही वाचायला द्यायची नाही.

साइट इंजिनिअर अगदी कोवळा आहे. काही सांगायला जा, "हो हो" म्हणतो. नाव ठेवलं होहो.

१९ जानेवारी
पायाचे खड्डे खणून झाले. काठावर उभा राहून आत पाहिलं. खाली काळं पाणी साचलेलं, त्यात माझं डोकं. बरं वाटलं नाही. घराचा खड्डा आणि तो दुसरा खड्डा, यात फरक काय तो लांबीरुंदीचा. बायकोला बोललो नाही. ती घाबरट आहे.

ती मोबाइलवर शूटिंग करत होती. म्हटलं, शाब्बास, बांधकामाचं रेकॉर्ड हवंच. म्हणाली, तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला, मी घेते. चाललो. वळा म्हणाली. वळलो. वळताना दोन-चार पावलं जास्त पडली, पण जमीन उकरलेली होती. पुन्हा चाला म्हणाली. फ्रेममध्ये मालक हवा, हे तिला न सांगता कळतं.

८ फेब्रुवारी
भयंकर शोध.

जोतं बांधून झालंय. बांधकाम समपातळीत आहे का ते दाखवणारी स्पिरिट लेव्हल विकत घेऊन गेलो होतो. भिंतीवर धरली. बुडबुडा थरथर, थरथर. दुसऱ्या भिंतीवर तेच. होहोला हाक मारली. म्हटलं, जमिनीला कंप आहे आणि तुम्ही लोक वर घर बांधताय.

त्याने लेव्हल माझ्या हातून घेऊन भिंतीवर नुसती ठेवली. बुडबुडा मधोमध, गप्प. मी हातात धरली, पुन्हा थरथर. तो या वेळी "हो हो" म्हणाला नाही. स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. तराजू पकडला की दुकानदार असाच बघायचा.

निष्कर्ष: कंप आहे आणि तो लपवला जातोय. अधूनमधून थांबणारा कंप जास्त वाईट.

२३ फेब्रुवारी
काळजी वाढली. आता घरातही. सकाळी कप बशीवर खडखडत होता. इतक्या लांबून कंप इथवर येतो म्हणजे खाली काहीतरी मोठं चाललंय. बायकोला दाखवलं. तिने कप काढून घेतला आणि जाड बुडाचा मग दिला. तोही अर्धाच भरते हल्ली. काटकसर करत असावी.

ओळखीच्या एका भूगर्भवाल्याला फोन केला. तो म्हणाला, त्या भागात असं काही नाही. यांचं सगळं संगनमत असतं.

९ मार्च
शेजारच्या प्लॉटच्या मालकीणबाई भेटल्या. दहा नंबरच्या बाई. एकट्याच आहेत. जन्मभर नृत्य शिकवलं, अजून मान कशी सरळ. माझं चालणं बारकाईने बघत होत्या. शेवटी विचारलंच, "तुमचा डावा हात चालताना हलत नाही का?"

म्हटलं, पूर्वीपासूनच शिस्त. उगाच हातवारे नाहीत.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे. मग दोघी विटांच्या ढिगाआड जाऊन बराच वेळ बोलत बसल्या. विषय पडदे असावेत. मी जवळ जाताच गप्प झाल्या. बायकोचे डोळे लाल. सिमेंट उडत होतं.

बाई माझ्यावर जरा भाळल्यात, हे उघड आहे. अंतर ठेवायला हवं. बायकोच्या मनाला लागलेलं दिसतं.

२ एप्रिल
भिंती उभ्या राहिल्या. दारं भलतीच रुंद. होहोला झापलं. म्हटलं, यातून काय हत्ती न्यायचाय? म्हणाला, वसाहतीत सगळीकडे अशीच असतात. बाथरूममध्ये भिंतीला स्टीलचे दांडे. बेडरूममध्ये ओढायची दोरी, ओढली की वसाहतीच्या ऑफिसात घंटा वाजते. वाजली तर कोण येतं? म्हणाला, कोणीतरी येतंच.

प्लॉटच्या मागे एक गेट आहे, पुढच्याहून मोठं. कशासाठी, विचारलं. म्हणाला, गाडीसाठी. कसली गाडी? खिशातला फोन वाजल्यासारखं करून निघून गेला. फोन वाजला नव्हता.

चला, बायकोची सोय झाली. दांडे राहू दे म्हटलं, तिला आधार लागेल. बाराव्या नंबरचं काम मात्र थांबलंय. खांबांचे गज नुसते आभाळाकडे बोटं करून उभे. मालक कुठे, विचारलं. होहो म्हणाला, ते आता येणार नाहीत. पुढे विचारलं नाही. बुकिंग रद्द केलं असेल. लोकांना चिकाटी नसते.

१८ एप्रिल
लेकीचा फोन. सारखी "बाबा, मोठ्याने बोला" म्हणते. मी ओरडत होतो. नेटवर्कची रड. शेवटी बायकोने फोन घेतला आणि गॅलरीत गेली. लेक पुढच्या महिन्यात रजा घेऊन येणार म्हणे. एवढ्यात कशाला? घर व्हायला अवकाश आहे. घर बघायची घाई झाली असेल पोरीला.

अक्षर हल्ली बारीक काढतो. मुद्दाम. एका पानात जास्त मावतं.

शर्टाच्या गुंड्या हल्ली लहान करायला लागलेत. बायको लावून देते. तिला आवड आहे.

७ मे
रंगकाम. रंगाऱ्याचं कौतुक केलं. आयुष्यात पहिल्यांदा बिनवासाचा रंग पाहिला. दारांना पॉलिश, तेही बिनवासाचं. बायको नाकाला पदर लावून बाहेर पळाली, डोकं भणभणलं म्हणाली. लेक आली आहे, तीही खिडकीत उभी राहून खोकत होती. मी मधोमध उभा. मला काहीच नाही. फुप्फुसं कमावलेली आहेत.

लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच वास येत नाही? म्हटलं, नाही. ती हसली नाही. माझा हात धरून उभी राहिली. लहानपणी जत्रेत हरवून सापडली होती तेव्हा असाच धरला होता.

मुख्य दाराच्या उंबऱ्याबद्दल तक्रार नोंदवली. त्यापाशी आलं की पाऊल उचलत नाही. बूट जमिनीला चिकटवल्यासारखे होतात. मागून बायको काहीतरी म्हणते, मग सुटतात. उंबऱ्याच्या मापात चूक आहे. होहो म्हणाला, काढून टाकू. वाद न घालता. माझा दरारा वाढतोय.

१५ मे
उंबरा काढला. तरी तिथे पाय अडतो.

कंप आता सगळीकडे. वर्तमानपत्रसुद्धा हलतं. एकाही पेपरात बातमी नाही.

३ जून
लिहू की नको. लिहितो.

आज घरापुढे ड्रेनेजसाठी चर खणलेला होता. माणूस उभा मावेल इतका खोल. तळाशी तुटक्या विटा, गज. वरून फळी टाकलेली. बायको आणि लेक आधी गेल्या. होहो म्हणाला, साहेब, थांबा, मी हात देतो. म्हटलं, हात दुसऱ्या कुणाला दे.

निम्म्यावर गेलो आणि पाय थांबले. मी थांबवले नाहीत. ते थांबले. वरचं अंग पुढे चाललंय आणि पाय तिथेच. फळी थरथरायला लागली. मागे होहोने पाऊल टाकलं तशी जास्तच हलली, म्हणून तो तिथेच खिळला. लेकीने तोंडावर हात धरला. खाली ते गज. काँक्रीटचा मिक्सर कोणीतरी बंद केला.

मग बायको फळीच्या टोकाशी येऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. भाजी आणायला सांगावं तसं म्हणाली, "अहो, खड्ड्यात बघू नका. फळीवर ती आडवी पट्टी ठोकलीय ना, ती बघा. ती ओलांडायची. फक्त ती."

पट्टी पाहिली. पाय उचलला. पडला पलीकडे.

"आता पुढची. एक. आता दुसऱ्या पायाने. दोन."

एक, दोन करत मी तिच्यापर्यंत गेलो. तिने दोन्ही कोपरं धरली. तेव्हा कळलं की तीही कापत होती, आणि तिचं कापणं वेगळं होतं.

घरी येऊन विचारलं, हे तुला कोणी शिकवलं? आधी म्हणाली, दहा नंबरच्या बाईंनी. मग म्हणाली, डॉक्टरांनीही. कुठल्या डॉक्टरांनी? मी तर कुठल्याच डॉक्टरकडे गेलो नाही.

"तुम्ही आला नसतात," ती म्हणाली. "म्हणून तुमचं चालणं घेऊन मी गेले."

मोबाइल. ते सगळं शूटिंग. घर मागे होतं.

प्लॉट बुक करायच्या आधीच तिला शंका आली होती म्हणे. जिने तिला झेपत नव्हते असं नाही. दारं, दांडे, उंबऱ्यावरून वाद न घालणं, सगळं तिने होहोला आधीच सांगून ठेवलं होतं. आजाराचं नाव तिने सांगितलं. इथे लिहीत नाही. स्पेलिंग अवघड आहे.

४ जून
रागावलो आहे. बोलणं बंद. माणूस समोर नसताना निदान म्हणजे तराजूत माल न टाकता वजन सांगणं. नोकरीत असतो तर त्या डॉक्टरवर केस ठोकली असती.

दुपारी बोलणं सुरू केलं. गुंड्या लावायच्या होत्या.

११ जून
डॉक्टरकडे गेलो. त्याची चूक त्याला दाखवायला. तो म्हणाला, अंगठा आणि तर्जनी उघडा, मिटा, भरभर. उजवी बरी. डावी थोड्या वेळाने मध्येच अडकली. खुर्ची बुटकी होती. चालून दाखवा म्हणाला. त्याची खोली अरुंद आहे. एक वाक्य लिहा म्हणाला. मी लिहिलं, जमिनीला कंप आहे. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. वाचता आलं नाही त्याला. डॉक्टरला चष्मा लागलाय.

गोळ्या दिल्या. बरं होईल का, विचारलं. म्हणाला, सावकाश जाईल असं बघू. काय सावकाश जाईल, ते विचारलं नाही.

३० जून
गोळ्या लागू. सकाळी कप हलला नाही. म्हणजे कंप थांबला. जमिनीचा. बायकोला सांगितलं. तिने मान हलवली. लेक परत गेली. निघताना मला जवळ घेतलं, नको इतका वेळ.

९ जुलै
संध्याकाळी पुन्हा. पेन चांगलं नाही. दुसरं आणायला

२ ऑगस्ट
हे अक्षर बायकोचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. मागची पानं उलटायची नाहीत, अशी अट घातली. म्हणाली, मागचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, वाचायचं काय त्यात?

काल राहायला आलो. बाराव्या नंबरचे गज खिडकीतून दिसतात. पडदा लावून घेतला. मागचं गेट पहाटे उघडलं, एक पांढरी गाडी दिवे न लावता आली आणि गेली. सायरन नव्हता. म्हणजे घाई नव्हती. हे लिहायला नको म्हणाली, तरी मी लिहायला लावलं.

घर चांगलं आहे. दारातून सामान एका झटक्यात आत आलं.

उद्या सकाळी दहा नंबरच्या बाई हॉलमध्ये चालण्याचा क्लास घेणार आहेत. मोजून पावलं टाकायची, ताल धरून. मी सांगितलं, लिही, बायकोला एकटीला जायला संकोच वाटतो म्हणून सोबत जाणार आहे.

तिने लिहिलं, आम्ही दोघं यांच्यासाठी जाणार आहोत.

मी म्हटलं, खोड ते. म्हणते, खोडायचं असेल तर पेन घ्या हातात.

राहू दे.