पात्यावरची माती

प्रिय बाबा,

हे पत्र मी उभ्यानंच लिहायला घेतलं होतं, शेवटी मोठ्या मॅडमनी स्टूल पुढे सरकवलं. सकाळपासून मला बसवतच नाहीये. चहा दोनदा गार झाला, आणि एकदा तर भिंग समजून मी कपच डोळ्यांशी नेला. सगळी प्रयोगशाळा हसली. हसू देत. तुमच्या शेपटाला आज काहीतरी सापडलंय, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तुम्ही दोनदा बरं बरं म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून पत्र, आणि पाकिटावर नाव फक्त तुमचं.

गेली दोन वर्षं मी कुठल्या झुडपाच्या मागे लागलेय हे तुम्हाला सांगायला नको. पिवळ्या फुलांचं, काटेरी, गुरंही तोंड लावत नाहीत असं. एकदा पसरलं की खाली दुसरं काही उगवू देत नाही. आमच्या कागदांत त्याला लांबलचक नाव आहे, पण जंगलातल्या वसाहतीतली जुनी माणसं अजूनही त्याला 'बाईंचं झुडूप' म्हणतात. कुठल्या बाईंचं, हे मी कधी विचारत नाही. मी त्याच बाईंची मुलगी आहे हे त्यांनाही माहीत नाही. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा हातातल्या टेपनं मी तेच एक खोड पुन्हा पुन्हा मोजलं.

तर काम असं होतं. पूर्ण जंगल पायी फिरायचं, झुडूप दिसेल तिथे नकाशावर लाल ठिपका द्यायचा. सगळ्यांची खात्री होती की वसाहतीभोवती ठिपक्यांचं मोठं वर्तुळ होणार, बाहेर जावं तसं विरळ. झालं भलतंच. वर्तुळ नाहीच, रेघा निघाल्या. रस्त्याच्या दोन्ही कडांना, जिथे ऊन पडावं आणि रस्ता लवकर वाळावा म्हणून झाडं तोडली होती, तिथे ठिपके. ओंडके ओढून ओढून जमीन उघडी पडली त्या लाकूड डेपोंवर ठिपके. रोपवनात दर वर्षी ओळींमधली माती उकरतात, तिथे ठिपके. वणवा पुढे जाऊ नये म्हणून साफ ठेवलेल्या पट्ट्यांवर ठिपके. आणि रस्त्यापासून पन्नास पावलं आत दाट सावलीत शिरा, एक रोप दाखवा, मी नोकरी सोडते. जिथे आपण सावली काढली आणि माती हलवली, तिथेच ते आलंय. दोन वर्षं उन्हात भाजल्यावर हा नकाशा भिंतीवर लागला तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या.

पण रस्त्याच्या रेघेत एक गंमत होती. ठिपके सलग नव्हते, घोसाघोसानं होते. दीड किलोमीटरला एक दाट घोस, मग तुरळक, मग पुन्हा दाट. मॅडम म्हणाल्या, ओढे असतील. नव्हते. मोऱ्या तपासल्या, वळणं तपासली, काही जमेना. मंगळवारी दुपारी अशाच एका घोसाशेजारी मी डबा खायला सपाट दगडावर बसले आणि पाय हलवता हलवता एकदम थांबले. त्या दगडावर बसले की पूर्वी माझे पाय जमिनीला टेकत नसत, हे मला आठवलं.

बाबा, ती तुमची थांबायची जागा होती. दिवसाचा रस्ता सपाट करून झाला की तुम्ही ग्रेडर बाजूला घ्यायचात, मला दगडावर बसवायचात आणि लोखंडी पट्टीनं पात्यावरची माती खरवडून काढायचात. बाकीचे ड्रायव्हर तशीच मशीन घेऊन जायचे, पण तुम्हाला ती तोंड न धुता घरी आलेल्या माणसासारखी वाटायची. पातं चकचकीत झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही. आणि रस्त्यावर पसरलेला तो सगळा मुरूम यायचा नदीकाठच्या खाणीतून, जिच्या कडा पिवळ्याधमक फुललेल्या असायच्या. तुमचा एक दिवस म्हणजे एक घोस. दुसऱ्या कुणालाही हे जन्मात कळलं नसतं. मला कळलं, कारण दिवसभर तुमच्यामागे फिरणारं शेपूट मीच होते.

लगेच खोडं बुंध्याशी कापून आणली, काचकागदानं घासली आणि भिंगाखाली वर्षांची वलयं मोजायला बसले. आज सकाळी शेवटचं खोड मोजून झालं. खाणीच्या कडेचं सगळ्यात जुनं झुडूप एकतीस वर्षांचं. तुमच्या थांब्यांवरची सत्तावीस आणि सव्वीस, म्हणजे रस्ता झाला तेव्हाची. वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरच्या अंगणात, आईच्या नळापाशी ते लागलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आज पस्तिशीची आहे. हिशोब करा. आईच्या अंगणात यायच्या आधी तीन वर्षं ते जंगलात होतं. मी तीनदा मोजलं, मॅडमनी चौथ्यांदा मोजलं, आणि मग मी खिडकीपाशी जाऊन थोडी रडले. आनंदानंच, बहुतेक.

आता जे आपण कुणीच बोलत नाही ते लिहिते. ते रोप तुम्ही आणलं होतंत. क्वार्टर फार उदास वाटते असं आई म्हणाली होती, म्हणून तुम्ही खाणीतून मुळासकट उपटून, ओल्या फडक्यात गुंडाळून, माझ्या मांडीवर ठेवलंत. घरापर्यंत मी ते बाळासारखं सांभाळलं. आई स्वतःची वेणी घालायच्या आधी त्याला पाणी घालायची. मग ते तपासणीवाले साहेब आले. जंगलात जागोजागी दिसलेली पिवळी फुलं त्यांना नळापाशी दिसली आणि त्यांनी विचारलं, हे कुणी आणलं. तुमची नोकरी त्याच महिन्यात कायम होणार होती. खाणीतून काही उचललेलं कळलं असतं तर झालीच नसती. तुम्ही टोपी हातात धरून उभे होतात. आईनं पदर खोचला आणि सांगून टाकलं, मी आणलं, माहेराहून. साहेबांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळी बाग उपटून जाळलीत, ज्यांचा काही दोष नव्हता ती झाडंसुद्धा. खरं तिघांना ठाऊक होतं, मी दाराआड होते, आणि तिघांनीही तोंडाला कुलूप लावलं. आईनं त्यानंतर साधी तुळशीची कुंडीही ठेवली नाही. तुमच्या गॅलरीत आज नुसत्या कपड्यांच्या दोऱ्या आहेत.

तुमच्या डोक्यावर खापर फोडायला मी हे लिहीत नाहीये. रस्ता तुम्ही ठरवला नव्हता, झाडं तुम्ही तोडायला लावली नव्हती, मुरूम कुठला आणायचा हे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मातीतून बी प्रवास करतं हे तेव्हा साहेबांनाही ठाऊक नव्हतं. उलट मॅडम तुमच्यावर भलत्याच खूश आहेत. आता ठरतंय की खाणीच्या कडा आधी साफ करायच्या, रस्त्यालगतची सावली वाढू द्यायची आणि प्रत्येक मशीन जंगलात शिरण्याआधी फाटकाबाहेर पक्क्या ओट्यावर खरवडून धुवायची. नव्या ड्रायव्हरला हे सांगितलं तर त्यानं तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, माझे वडील हे रोज करायचे. तुमची सवय बरोबर होती बाबा, जागा चुकली.

आता मुद्द्याचं. पुढच्या गुरुवारी आमचा अहवाल सगळ्यांसमोर वाचला जाणार आहे, आणि त्याला जुनी फाईल जोडलेली आहे. तिच्यात लिहिलंय की झुडपाचा उगम क्वार्टर नंबर सात, मशीन ऑपरेटरची पत्नी, तिनं स्वतः कबूल केलं. वलयांवरून वर्षं कळतात, पण आईच्या तोंडचं ते वाक्य वलयांनी खोडता येत नाही. तिथे हजर असलेल्या माणसानं लिहून द्यावं लागेल, असं मॅडम म्हणतात. मी दिलं तर मुलीनं आईची बाजू घेतली एवढंच होईल. तुम्ही निवृत्त आहात, तुमच्या पेन्शनला कुणी हात लावू शकत नाही, मी विचारून घेतलंय. सोबत एक कोरा कागद ठेवलाय. दोन ओळी पुरेत, ते रोप मी आणलं होतं आणि कुठून आणलं होतं. रविवारी मी कागद न्यायला येतेय, येताना एक रिकामी कुंडी आणेन. तिच्यात काय लावायचं ते आईला विचारून ठेवा. पण त्याआधी तो कागद तिला वाचून दाखवा.

तुमचंच,
शेपूट