‘घर’ आणि ‘चर्च’

३ सप्टेंबर
आज घरात आलं — लेक रोवेनाचा जुना लॅपटॉप, फुकट. त्याचा चार्जर, ३५० पेसो (दुकानदार चारशे सांगत होता!). सुकी मासळी, एक किलो.
चर्चच्या कचेरीतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आता घरीही करता येतील. पण कचेरीत लॅपटॉपला नेटवर्कवरचा ठरलेला नंबर द्यावा लागतो, तरच तिथला प्रिंटर ऐकतो. घरी तोच नंबर राहिला की इंटरनेट बंद! दर वेळी रोवेनाला हाक. तिला दूरच्या सेबू शहरातल्या नोकरीचं पत्र आलंय, आणि ही आईलाच म्हणते, "नानाय, मी गेले तर तुझे नंबर कोण बदलणार?"
माझ्यापायी लेकीची नोकरी हुकणार? छे!

५ सप्टेंबर
रोवेनाने दोन फायली करून दिल्या — ‘घर’ आणि ‘चर्च’. जिथे असू तिथली उघडायची; नंबर आपोआप बदलतो. असल्या फायलीला ती ‘स्क्रिप्ट’ म्हणते. मी आधी क्रूसाची खूण केली. "नानाय, नंबर ते स्क्रिप्ट बदलतं, देव नाही!" म्हटलं, तुझ्या स्क्रिप्टला सुबुद्धी कोण देणार?

६ सप्टेंबर
दोन्हीकडे जमलं!

९ सप्टेंबर
कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या नांग — म्हणजे ताई — फेलिसालाही तसंच हवं. कालवण केलं की वाटीभर शेजारी जातंच — तशी ‘चर्च’ फाईल दिली.

१२ सप्टेंबर
फेलिसाचा कंप्युटर प्रिंटरला लागला की माझा तुटतो. माझा लावला की तिचा! "तुझ्या मशीनला माझं बरं बघवत नाही गं," फेलिसा. फादर म्हणाले, "दोघी आधी पापं कबूल करा, मग प्रिंट काढा."
रोवेनाला विचारलं नाही. घरी फाईल उघडून ओळ-ओळ वाचली. अगं बाई — दोघींना एकच नंबर! एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं. भांडणारच.

१३ सप्टेंबर
कचेरीत कोणाचा नंबर कोणता, विचारून घेतलं. मोकळा होता तो फेलिसाच्या फायलीत घातला. दोन्ही सुरू! आता आणखी तिघी मागे लागल्यात.
घरी रोवेनाला सांगितलं, "बिनघोर जा सेबूला." ताटावरून लवकर उठली. जेवलीही कमी.

१४ सप्टेंबर
सकाळी चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेहून परतताना बोलली. "नानाय, नंबरांचं निमित्त होतं. मला जायचंच नाही. इथेच बाजारात कंप्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचंय."
आणि मी तिला धाडण्यासाठी शिकत होते!
म्हटलं — टाक दुकान, पण त्या सेबूवाल्यांना टांगून ठेवू नकोस, बाळा. आजच्याच टपालाने कळव.