पहिली निवटी

आये,

निवट्या परत आल्या! हे आधी सांगते, बाकीचं मागून. चिखलावर टणाटण उड्या मारणारे, डोक्यावर डोळे घेऊन फिरणारे तेच मासे, ज्यांचं तू आमसुलं घालून कालवण करायचीस. तू गेलीस, मागोमाग खाडीकाठचे कांदळही गेले. चुलीसाठी आपणच तोडले, वर कुणी कुणी भराव टाकला, नि निवट्या दिसेनाशा झाल्या. आता घरात गॅस आहे, टीव्ही आहे, पण नात म्हणायची, "आज्जी, मासा कधी उड्या मारतो? काहीतरीच तुझं!" तिला एकदा निवटी दाखवायची, तुझ्यासारखं कालवण करून खाऊ घालायचं, एवढंच मनात होतं.

तीन पावसाळ्यांमागे आमच्या महिला मंडळाने कांदळाच्या शेंगा लावायला वर्सोव्याच्या खाडीवर बोलावलं. मी नि नणंद पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. मंडळाच्या बाईंनी बजावलं होतं, एकेक शेंग, अंतर ठेवून, चांगली खोल रोवा. पण पायाला चिखल लागला नि मी पोचले की गं आपल्या गावच्या भाताच्या खाचरात! शेंगांची मूठ करायची, वाकून वरवर खोचायची, मागे सरायचं, तू शिकवलंस अगदी तसं. नणंद म्हणते, "वयनी, कापणीला कधी येऊ?" मी म्हटलं, "गप गं, तुझी रांग बघ, नाकासारखी वाकडी!" हसून हसून पोट दुखलं. आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर भरती माझं अख्खं शेत घेऊन गेलेली. नणंदेची वाकडी रांग जिथल्या तिथे उभी! मला जेवण गेलं नाही.

दिवाळीनंतर नात ओरडतच आली, "आज्जी, तुझं भात उगवलं!" धावले. पलीकडच्या वळणावर, मोडक्या होडीच्या आडोशाला वाहून गेलेल्या शेंगा गाळात रुतल्या होत्या, एकेकीला हिरवी पानं. तिथे कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता. आता ती झाडं माझ्या कमरेला लागतात, नि बुडाशी निवट्यांची बिळं.

काल नातीला काठावर उभी केली नि मी चिखलात उतरले. एक निवटी धरली. तुला आठवतं, लहानपणी मी पहिलीच परकराच्या ओच्यात लपवली, तर तू फटका दिलास, "पयली खाडीची. तिला पोरंबाळं होऊ देत, मग तुझं ताट." काल नातीने टाळ्या वाजवल्या. घरी मी सांगितलं, आयेचा शब्द पाळला, पहिली सोडली. नणंदेने तर हातच जोडले.

तुला कुठल्या पत्त्यावर पाठवू हे? तांदळाच्या डब्यात ठेवते. पण तुला तरी खरं सांगते, सोडली-बिडली काही नाही गं आये. सटकली ती. मी कालवणाचं वाटण करून ठेवलं होतं.