ओवीच्या उष्टावणाचं पाणी

१० फेब्रु., मंगळवार
ओवीला दात आला! खालचा, तांदळाच्या कणीएवढा. बोट घातलं तर चावली बया. मी अंगणातनंच शेजारच्या सुमनला वरडून सांगितलं. ती म्हणती, "आज्जे, नातीला दात आलाय का तुला लॉटरी लागलीय?" मला दोन्ही एकच.

उष्टावण पुढल्या शनवारी, २१ ला. सुनेला, वैशालीला, शनवारचीच सुट्टी. तिच्या कोंबडीच्या कंपनीत शुक्रवारी दिवस मावळायच्या आत मशिनी बंद, शनवारी कुणी हात लावत न्हाई. यहुदी लोकांचा नेम हाय, माल त्यांच्यासाठी परदेशी जातो. मला बरंच की, सून घरात दिसती.

माझ्या सचिनला चाकणच्या कंपनीनं ब्रेक दिलाय, परत बोलावणं न्हाई. पोरगं रोज फोनकडं बघत बसतंय. सध्या वैशालीवरच घर.

डाळ आजबी शिजली न्हाई. शिट्ट्यावर शिट्ट्या, तरी दाणा न् दाणा येगळा.

१३, शुक्र.
वैशाली उजेडी आली. ओवी तिला बघून अशी उडाली, माझ्या कडेवरनं पडतीय की काय! मी दिसभर सांभाळायची न् लाड आईचा. असू दे.

वैशालीची बोटं चिरलीत. ती मिठाच्या खात्यात हाय. कोंबडी कापली की भिजवायची, मग जाडं मीठ चोळून ठेवायची, रक्त उतरलं की धुवायची. हाबी त्यांचा धर्म. मी आमसुलाचं तेल गरम करून लावलं. "आई, झोंबतंय," म्हणली. लहान पोरीगत.

दारात बबन आला. पोरं गोळा करून हिंडतोय, कंपनी बंद पाडायची म्हणून. "आज्जे, तुझी सून आत काय कापती खरं? लोक म्हणत्यात गाया हायत."
"कोंबड्या हायत. तुझ्या लग्नात किती कापल्या व्हत्या, ते आदी सांग."
हसला, पण डोळ्यानं न्हाई. २२ ला ग्रामसभा हाय म्हणला.

१७, मंगळ.
संध्याकाळी ओट्यावर ओवीला घेऊन बसले व्हते. रस्त्यानं दानियलभाऊ आले. कंपनीत सुरी चालवणारे तेच. आदी सगळ्यांस्नी वाटलं कुणी गोरा साहेब येतोय. आले ते अलिबागकडचे यहुदी, बोलणं आपल्यापेक्षा शुद्ध मराठी! वैशाली सांगती, सुरीची धार ते नखावर फिरवून बघत्यात, इतकीशी खाच असली तरी ती सुरी बाजूला. त्यांच्या नेमामुळं घरी जेवत न्हाईत कुणाच्या. मी केळं दिलं ते खाल्लं, न् पाणी मागितलं.

एक घोट घेतला न् तांब्याकडं बघत राहिले.
"आजी, कुठलं हो पाणी?"
"विहिरीचं. ह्यांनी खणलेली हाय. मागच्या उन्हाळ्यापतूर उसागत गोड व्हती."
परत एक घोट घेतला. मग म्हणाले, "हे आमचंच मीठ आहे. कंपनीमागचा सांडपाण्याचा खड्डा भरून वाहतो, मी साहेबांना एकदा बोललोय. पुन्हा बोलतो."
उरलेलं पाणी सांडलं न्हाई, सगळं पिले.

डाळीचं कोडं सुटलं, खाऱ्या पाण्यात कुठनं शिजायची. पण सुटून काय उपेग?

२०, शुक्र.
कंपनीचे साहेब म्हणाले, आज्जीकडं टँकर पाठवू, पण गावात बोलू नका. वैशालीनं सांगितलं. मग भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता, "आई, सभेत पाण्याचं काढू नका. बबनला तेवढंच पायजे. बंद झाली तर मी कुठं जाऊ? हिंजवडीत झाडू मारायला?"
मी व्हय म्हणले. सचिन भिंतीकडं तोंड करून पडला व्हता. जागाच व्हता.

२१, शनि.
उष्टावण झालं. संत तुकाराम नगरवरनं ओवीचा मामा आला, चांदीची वाटी घेऊन. ओवीला हिरवं परकर-पोलकं. बोळक्यात एक दात, न् अशी हसती की कुणाची नजर लागंल, मी तीट जरा मोठीच लावली.

खीर करायला मी विहिरीची घागर घेतली. सचिनचं उष्टावण त्याच पाण्यानं, नणंदेच्या पोरांचंबी. वैशालीनं माझ्या हातातनं घागर काढून घेतली. "विकतच्या जारचं घ्या, आई."
माझा हात जारकडं गेला न्हाई. मग तिनंच जार फोडला. मामानं खीर चाटवली, ओवीनं वाटीच धरली, सोडंना! सगळे हसले. वैशालीबी हसली, पण पदर डोळ्याला लावून.

२२, रवि.
सभेला गेले. वैशाली कामावर, रविवार त्यांचा चालू. ओवी माझ्या कडेवर. पिशवीत विहिरीच्या पाण्याची बाटली. घरनं निघतानाच भरली, कुणी सांगितलं न्हाई.

बबन गायांचंच बोलत व्हता. लोक पेटले. कुणी म्हणलं त्या यहुद्याला गावात ठेवू नका. त्यो बाबा तांब्याभर खारं पाणी पिऊन गेलाय माझ्या दारात. मग मला बसवंना. उठले.
"गाय न्हाई तिथं. माझी सून कोंबडीला मीठ लावती, तिच्या हाताला विचारा. पण त्या मिठाचं पाणी माझ्या विहिरीत आलंय." बाटली सरपंचाम्होरं ठेवली. "प्या."
सरपंचांनी चाखलं. तोंड वाकडं केलं.
बबन वरडला, "बघा! बंदच करा!"
"बंद करा म्हणले का मी? खड्डा पक्का बांधा म्हणतीय!"
पण टाळ्या वाजत व्हत्या. माझं पुढचं कुणी ऐकलं न्हाई. पाणी तपासायला माणूस येईस्तवर निकाल न्हाई, एवढं ठरलं. येताना सुमन म्हणली, "आज्जे, पोरांनी मोबाइलवर घेतलंय तुझं बोलणं, टाळ्यांपतूरच. ग्रुपवर फिरतंय."

म्हणजे वैशाली घरी यायच्या आदी तिच्या कंपनीत मीच पोचले.

जारचं पाणी घालून डाळ लावली. शिजली, मऊ लोण्यागत. ओवी बोट चाटती. आमसुलाचं तेल चुलीपाशी ठेवलंय. वैशालीच्या बसचा टाइम झाला. तिनं हात पुढं केला, तर लावीन.