पिकअपच्या पाठीवरची खोली

बर्न्स, ओरेगन
९ मे

प्रिय कोरिन,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. एक गुडघा सोडला तर मी ठणठणीत आहे. तुम्ही तिघंही बरी असाल. विला आता पाचवीत जाईल ना?

शाळेच्या स्वयंपाकघरातून मी मार्चअखेर निवृत्त झाले. सत्तावीस वर्षं बटाटे कुस्करले. निरोपाच्या दिवशी मुलांनी डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घातला, आणि तो तसाच ठेवून मी बाजार करून आले. दुकानातल्या एकानेही सांगितलं नाही.

लिहायचं कारण असं की मला एक जुना कॅम्पर, म्हणजे गाडीवर बसवायची राहायची खोली, घ्यावासा वाटतोय. तुझा सासरा फ्लॉइड गेल्यापासून त्याचा पिकअप नुसता उभाच आहे, त्याच्या पाठीवर बसेल असा. तू वडिलांच्या, जुन्या गाड्या विकायच्या यार्डात वाढलीस. यातलं तुला जेवढं कळतं तेवढं आमच्याकडे कुणाला कळत नाही, म्हणून तुला विचारतेय. शेजारच्या हाइन्समध्ये टेट म्हणून म्हातारं जोडपं आहे, त्यांचा आहे. साडेनऊ हजार डॉलर म्हणतात. आत गॅसची शेगडी, खाली पाडलं की बिछाना होईल असं टेबल, आणि पुढे ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर एक पलंग. त्या पलंगाला एवढीशी खिडकी आहे.

आमची शेजारीण लोइस म्हणते, "एवढ्या पैशात मरेपर्यंत मोटेलात झोपशील, वर सकाळचा नाश्ता फुकट!"

मी म्हटलं, "मोटेलची गादी माझ्या कंबरेला सोसत नाही."

"आणि या वयात शिडी चढून टपावर झोपलेलं सोसतं?"

पण मला समुद्र बघायचा आहे. आता वेळच वेळ आहे.

तर घेण्यासारखा आहे का, सवड झाली तर कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

आर्डिथ


हॅमिल्टन, मॉन्टाना
१८ मे

आर्डिथ यांस,

पत्र मिळालं. विचारलंत म्हणून सांगते.

आत शिरल्यावर आधी चारही कोपरे अंगठ्याने दाबून बघा. कुठे मऊ लागलं तर पाणी मुरून लाकूड कुजलेलं आहे. वर चढून छताचे सांधे कुणाकडून तरी तपासून घ्या, तुम्ही स्वतः चढू नका. फ्रीज गॅसवर चालवून बघा, विजेवर चालतो म्हणून विश्वास ठेवू नका. पिकअप किती वजन पेलतो ते दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असतं. कॅम्परचं वजन पाण्याची टाकी भरलेली धरूनच मोजा. त्या आकड्याच्या पुढे जात असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

पण घेण्यासारखा आहे का, हे कॅम्पर बघून ठरत नाही. बाबांच्या यार्डात लोक येऊन तास तास आत बसायचे, कपाटं उघडायचे, मिटायचे. बाबा एकच विचारायचे, "जायचं कुठे?" ज्यांना पटकन सांगता यायचं, त्यांचा कॅम्पर परत विकायला यायचा नाही. बाकीच्यांचा दोन वर्षांत यार्डात हजर.

तुम्हाला समुद्राची हौस आहे हे मी तुमच्या घरात असताना तरी ऐकलं नव्हतं. फ्लॉइडनी नेलं तर तुम्ही वाळूलाच नावं ठेवायचात. तेव्हा कुठे जायचंय ते आधी ठरवा.

कोरिन


बर्न्स
२ जून

प्रिय कोरिन,

तुझा कागद हातात धरूनच टेट यांच्याकडे गेले. मागचा डावा कोपरा दाबला तर अंगठा पावात रुतावा तसा आत! ऑर्व्हिल टेट आधी म्हणाला, "ते तसंच असतं, गादीसारखं केलंय मुद्दाम."

त्याची बायको बर्नीस दारातून ओरडली, "खोटं बोलू नकोस! चार हिवाळे सांगतेय छत गळतंय म्हणून. अहो बाई, हा आत इतका घोरतो की पत्रा थरथरतो, त्यानेच सांधे सुटले."

"नऊ वर्षांत अकरा वेळा नेलं हिला," ऑर्व्हिल माझ्याकडे वळून म्हणाला. "विचारा, एकदा तरी बरं वाटलं का."

"अकराही वेळा वाटलं," बर्नीस म्हणाली. "म्हणून तर सांगत होते, छत नीट कर."

शेवटी कोपऱ्याचं लाकूड त्यानेच बदलून दिलं आणि भाव आठ हजारांवर आणला. छतावर लोइसचा जावई चढला. फ्रीज गॅसवर चालतो. वजन पिकअपला पेलतंय, थोडं राखूनच.

आता तुझ्या वडिलांच्या प्रश्नाचं. समुद्राचं मी खोटं लिहिलं होतं. वाळू मला अजूनही आवडत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मी हॅमिल्टनला आले होते. कुणालाच सांगितलं नव्हतं, लोइसलासुद्धा. दोन दिवस मोटेलात राहिले. तुमच्या रस्त्यावरून एकदा गाडी नेली. विला फाटकापाशी सायकलची चेन बसवत होती, हात काळेकुट्ट. फ्लॉइडसारखी जीभ दातांत धरून. मी थांबले नाही. थांबून काय म्हणणार होते? पाहुणी म्हणून आले तर तू दार उघडायला हवंस, खोली द्यायला हवीस, जेवायला वाढायला हवंस. कुठल्या तोंडाने मागायचं? मोटेलचं बिल भरून परत आले आणि वाटेत गाडी बाजूला घेऊन खूप रडले.

विलाच्या ताब्याचा खटला चालू असताना कोर्टाच्या पायरीवर मी तुला म्हटलं होतं, "तुझ्यामुळे पितो तो." ते तू विसरली नसशील. पण त्याहून वाईट गोष्ट तुला माहीत नाही. माझ्या ब्रेटने मुलीला गाडीत घेऊन कधीच दारू पिऊन गाडी चालवली नाही, असं मी जज्जसाहेबांना लिहून दिलं. त्याच्या आधीच्या महिन्यात एका दुपारी तो विलाला तळ्यावरून घेऊन आला होता. उतरला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. विला पुढच्या सीटवर, पट्टा न लावता. मी तिला उचलून आत नेलं, सूप पाजलं, आणि तुला सांगितलं की दिवस छान गेला. मग सही केली. मुलगा हातचा जाईल या भीतीने सही केली. जज्जसाहेबांनी माझं ऐकलं नाही, हे देवाचे उपकार. तू तेव्हा खरं बोलत होतीस आणि मला ते माहीत होतं.

ब्रेट नेवाडात खाणीवर आहे. नऊ महिने प्यायलेला नाही म्हणतो. त्याच्यासाठी मी काहीही मागत नाहीये, हे नीट वाच.

माझ्यासाठी मागतेय. कॅम्पर म्हणजे माझी खोली माझ्याबरोबर. तुझ्या घरात यायला नको, तुझी चादर नको, तुझं ताट नको. तू सांगशील तिथे, फाटकाबाहेर म्हणालीस तर फाटकाबाहेर, दोन दिवस उभी राहीन. विलाला वाटलं तर ती येईल आणि टपावरचा पलंग बघेल. तू "पुरे" म्हटलंस की किल्ली फिरवून निघेन.

आधी वाटलं होतं, तुझं उत्तर येईपर्यंत थांबावं आणि मगच घ्यावा. मग मनात आलं, म्हणजे पुन्हा तुझ्याच गळ्यात ओझं अडकवलं. म्हातारीने तुझ्या भरवशावर पैसे अडकवून ठेवलेत, आता नाही कसं म्हणायचं, असं तुला वाटायला नको. म्हणून काल पैसे देऊन टाकले. कॅम्पर दारात उभा आहे. तू नाही म्हणालीस तर लोइसला घेऊन कुठेही जाईन, ती आतापासून पडद्याचं कापड निवडतेय. तेव्हा मोकळेपणाने नाही म्हण. तळ्याचं लपवून तो हक्क मी तुझ्याकडून एकदा काढून घेतला होता.

क्षमेची वाट न बघता,
आर्डिथ


हॅमिल्टन
१४ जून

प्रिय आर्डिथ,

तुमचं पत्र चार दिवस शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं. खूप राग आला. त्या तळ्याच्या दिवसाचा मला संशय होताच. पण सहा वर्षं वाटत राहिलं की मीच वेडी, मीच वाईट विचार करते. तुम्ही लिहिलंत त्याने राग वाढला, आणि मला नीट श्वासही घेता आला. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मला माहीत नव्हतं.

नवऱ्याला, डेलला, वाचायला दिलं. तो फारसं बोलत नाही, तुम्हाला कळेलच. उठला आणि गोठ्यामागची लाकडं हलवायला लागला. तिथे जमीन सपाट आहे. विजेची तार पोचते.

शुक्रवारी, २७ तारखेला या. दुपारी, उजेड असताना. रविवारी सकाळी निघायचं. विलाला गाडीतून कुठेही न्यायचं नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा नाही. ब्रेटचा विषय तिने काढला तरच. शनिवारचं जेवण आमच्याकडे आहे, डबा आणू नका.

विलाला सांगितलं. तिने विचारलं, "मी त्यांना काय म्हणायचं?" मी म्हटलं, ते तूच त्यांना विचार. तेव्हापासून ती आरशासमोर वेगवेगळ्या हाका मारून बघतेय.

घाट हळू उतरा.

वाट बघतेय,
कोरिन